अस्सलबरहुकूम नक्कल

गावी आलो की लोक विचारतात, "दुबईला होतात ना?" मी म्हणतो, "अबुधाबीला." ते म्हणतात, "तेच ते." मग पुढचा प्रश्न येतो, "तेलाच्या कंपनीत?" टायपिंगच्या दुकानात, असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. सत्तावीस वर्षं आखातात काढून माणसाने टायपिंग करावं हे आमच्या दापोलीकडच्या लोकांना काही पटत नाही. तिकडे जाऊन सोनं आणावं, गेलाबाजार एसी दुरुस्त करायला तरी शिकावं. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांसाठी कीबोर्ड बडवला.

तरी या धंद्याचा मला अभिमान आहे, आणि एका कागदाची लाजही आहे. दोन्ही एकाच कागदातून आली.

आमचं दुकान कोर्टाच्या मागच्या गल्लीत होतं. बाहेर पाटी, आत दोन टेबलं. अरबीचं टेबल उस्ताद इद्रिस यांचं. ते सुदानचे, कोर्टाची मान्यता असलेले भाषांतरकार, अंगात पांढराशुभ्र पायघोळ जलाबिया, आवाज मशिदीत शोभेल असा. इंग्रजीचं टेबल माझं. व्हिसाचे अर्ज, भाडेकरार, मुखत्यारपत्रं हे रोजचं काम. पण माझा हात बसला तो मृत्युपत्रांवर. परदेशात माणूस गेला की दुःखाच्या आधी कागद येतात. बँकेतलं खातं थांबतं, गाडी कोणी विकायची ते कळत नाही, आणि परवापर्यंत मुलांचे डबे भरणारी बाई वारसाचा दाखला, त्याचं भाषांतर, त्यावर वकिलातीचा शिक्का यांच्यामागे उन्हातून फिरत राहते. हे शेजारीपाजारी पाहिलेली शहाणी माणसं आधीच आमच्याकडे येऊन मृत्युपत्र लिहून ठेवायची.

एकदा खेडकडचा एक गवंडी आला. शहराबाहेर मुसाफ्याच्या साइटवर काम करायचा. मालमत्ता काय, तर गावच्या घरात चौथा हिस्सा आणि एका फणसात अर्धा. म्हणाला, "साहेब, माजा अर्धा फणस बायकोला लिवा. पन सावली भावाच्या अंगणात पडते, ती त्याची त्याला ऱ्हाऊ द्या." मी तसं टाइप केलं, झाडाचा अर्धा हिस्सा, सावली वगळून. इद्रिसनी ते वाचून पेन खाली ठेवलं आणि अरबी रीतीने नावाआधी 'या' लावून मला हाक मारली. "या मनोहर, सावली वगळून, हे मी अरबीत कोणत्या तोंडाने लिहू?" मी म्हटलं, "जसं आहे तसं लिहा." त्यांनी लिहिलं, आणि मग दिवसभर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते वाक्य वाचून दाखवलं. दुसरा एक इंग्रज साहेब, कुठल्याशा बँकेतला. 'माझ्या भावाला काही नाही, का ते त्याला ठाऊक आहे,' एवढं वाक्य ठळक अक्षरात येईल ना, असं त्याने मला तीनदा विचारलं.

'जसं आहे तसं' हे मी भाऊंकडून शिकलो. भाऊ म्हणजे दापोलीच्या ज्या वकिलांकडे मी बाविसाव्या वर्षी लागलो, त्यांचे म्हातारे कारकून. जुन्या जमिनींचे कागद मोडी लिपीत असायचे. मोडी म्हणजे एक आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली हात न उचलता लिहीत सुटायचं. शब्दांमध्ये जागा नाही, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. कुठे तोडायचं ते वाचणाऱ्याने ठरवायचं. भाऊंनी मला ते वाचायला शिकवलं. म्हणायचे, "अक्षर शोधू नकोस. लिहिणाऱ्याच्या हाताची खोड शोध, अक्षर आपोआप सापडतं." आणि वाचून झालं की त्याची अस्सलबरहुकूम नक्कल करायची. मूळ कागदात जे आहे ते सगळं, जे नाही ते काही नाही. "नकलेला अक्कल लागते म्हणतात ते नाटकातलं," असं भाऊ म्हणायचे. "कचेरीतल्या नकलेला अक्कल बाजूला ठेवावी लागते."

ही शिकवण मी एकदाच मोडली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी ग्लेंडा मॅडम दुकानात आल्या. त्या एका शाळेत लायब्ररियन होत्या. अमेरिकन, कृष्णवर्णीय, पंचावन्नच्या पुढच्या, चांगल्या उंच, केस अगदी बारीक कापलेले, गळ्यात चष्म्याची दोरी. त्यांच्या प्रिन्सिपलच्या डॉक्टरचं कोंबडीच्या पायांचं अक्षर मी मागे टाइप करून दिलं होतं, ते ऐकून आल्या होत्या. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं, इथे मराठीत लिहितो आहे.

त्यांनी फाइल उघडून दोन कागद पुढे केले. नॉर्थ कॅरोलिनातल्या एका मोठ्या जमीनदाराचं मृत्युपत्र, दोनशे वर्षांच्या आसपासचं. आणि पुढे त्याची बायको वारल्यावर मुलींमध्ये झालेली वाटणी. कोर्टाच्या वहीतल्या नकलेचा कोणी फोटो काढलेला, त्याचा छाप, आणि त्याची ही फोटोकॉपी. नकलेच्या नकलेची नक्कल. शाई कुठे फुटलेली, कुठे उडालेली.

"जुने कौटुंबिक कागद आहेत," त्या म्हणाल्या. "एका नावाबद्दल मला खात्री करून घ्यायची आहे. कोणतं ते सांगणार नाही. सांगितलं तर तुम्हाला तेच दिसायला लागेल."

हे मला फार आवडलं. म्हटलं, ही बाई आमच्या भाऊंच्या शाळेतली दिसते.

आठ दिवस मी त्या कागदांवर बसलो. लिहिणारा कोर्टाचा कारकून घाईतला होता, आणि विरामचिन्हांशी त्याचं मोडीवाल्यांइतकंच वैर होतं. बायकोला हयातभर वापरायला काय काय ठेवलं त्याची यादी अशी: 'घोडी डॉली दोन गाई वासरांसकट पिसांची गादी एक मोठा पेटारा फिलिस व तिची पुढची वाढ ज्यूड हेस्टर ॲन व आयझम.' पानाची वरची कड कॉपीत कापली गेली होती, त्यामुळे यादीचं शीर्षक काही असलंच तर ते नव्हतं. शेवटी लिहिलं होतं की, बायकोच्या पश्चात 'वरील' इतकी सर्व मुलींत वाटून द्यावीत. आकडा अक्षरी होता, 'फोर' की 'फाइव्ह' ते पुसट. पेटाऱ्यानंतरची नावं मोजली, फिलिस एक, ज्यूड दोन, हेस्टर ॲन तीन, आयझम चार. मी 'फोर' टाइप केलं.

आता माझी अक्कल सांगतो. आमच्या कोकणात गाईला नाव असतं. कपिला, चांदी, बाळी. वाटणीपत्रातही ते लिहितात, अमुक गाय तिच्या वेतासकट थोरल्याला. इथे घोडीला नाव होतंच. गाईंच्या थोडं पुढे फिलिस आली, तिच्या पुढच्या वाढीसकट. मी म्हटलं, वा, साहेबाच्या गोठ्यातही आपल्यासारखीच नावं. मॅडमना वाचायला सोपं जावं म्हणून मी यादीची सुबक विभागणी केली. गादी आणि पेटारा घरसामानात. घोडी, गाई, फिलिस, ज्यूड, हेस्टर ॲन आणि आयझम गुरांच्या मथळ्याखाली. मूळ कागदात नसलेला मथळा मी दिला, तोही जाड टाइपात, आणि स्वतःवर खूश झालो.

ग्लेंडा मॅडमनी कागद उभ्याउभ्याच वाचायला घेतला. एका ठिकाणी त्यांचं बोट थांबलं. त्या खुर्चीवर बसल्या.

"मिस्टर केळसकर, ही गुरं आहेत असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी अभिमानाने कपिला आणि चांदीची हकिकत सांगितली. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली, मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाल्या, "ही माणसं आहेत. त्या जमीनदाराचे गुलाम. यांतलं एक माणूस माझं आहे."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं आपण म्हणतो. मला त्या दिवशी ते अक्षरशः वाटलं. मी सॉरी, सॉरी करत कागद ओढून घ्यायला लागलो. त्यांनी तो सोडला नाही. 'पुढची वाढ' या शब्दांवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही फिलिसची मुलं. अजून जन्माला न आलेली. ती कोणाची असतील ते आधीच लिहून ठेवलंय."

"मॅडम, माझ्याकडून मोठी चूक झाली."

"त्यांनीच यांना गाईंच्या शेजारी बसवलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही फक्त मथळा दिलात."

आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. इद्रिस उठून चहा घेऊन आले, त्यांच्यापुढे ठेवला. त्या गेल्यावर मला म्हणाले, "या मनोहर, माझ्या देशातही असे कागद आहेत. अरबीत. अक्षर फार सुंदर असतं त्यांचं." मग आपल्या टेबलावर जाऊन बसले.

घरी जेवताना मी बायकोला, शैलाला, सगळं सांगितलं. नववीतली सोनाली ऐकत होती. ती म्हणाली, "बाबा, दे वेअर स्लेव्ह्ज. एव्हरीबडी नोज दॅट." मला माहीत नव्हतं असं नाही. शाळेत आम्हीही शिकलो होतो, गुलामगिरी, यादवी युद्ध, पाच गुणांची टीप. पण कागदावर ती कशी दिसते ते माहीत नव्हतं. गादी आणि पेटाऱ्यानंतर, व्याकरणात काहीही न बदलता, ती बायामाणसांवर येते.

आणि तिथे ताटावर बसल्याबसल्या मला आठवलं की हेही खरं नाही. मी ती पाहिली होती. दापोलीला, भाऊंच्या शेजारी बसून, एका घराण्याचं पेशवाईतलं वाटणीपत्र मी वकिलांना वाचून दाखवत होतो. त्यात भांडी होती, म्हैस होती, आणि मग 'बटीक गंगी पोरीसुद्धा' असं होतं. बटीक म्हणजे विकत घेतलेली बाई, घरची दासी. वकील म्हणाले, "पुढे." त्यांना जमिनीच्या हद्दी हव्या होत्या. मी पुढे वाचलं. बाविसाव्या वर्षी मला त्या शब्दापाशी थांबावंसंही वाटलं नाही. अमेरिकेतली माणसं मी गुरं समजलो याचं खापर कोकणातल्या गाईंवर फोडता येईल, पण गंगीला मी माणूस समजूनच पुढे गेलो होतो.

शैलाने विचारलं, "ती गंगी कुणाकडे गेली मग?"

"थोरल्याकडे, बहुतेक."

"आणि पोर?"

मला आठवेना. शैला ताट उचलून आत गेली. तिचा प्रश्न मात्र रात्रभर माझ्याजवळ राहिला. पोर आईच्या मागोमाग लिहिलेली असते, वाटणीत मात्र ती कुठेही जाऊ शकते. मग त्या अमेरिकन यादीतलं एक नाव खरंच एकच होतं का? हेस्टर ॲन.

दुसऱ्या दिवशी मी ग्लेंडा मॅडमच्या शाळेत फोन केला आणि म्हटलं, "मला हे काम परत करू द्या. मथळ्याशिवाय. आणि आता मला सांगा, तुम्ही काय शोधताय."

त्या आल्या आणि त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील शहाऐंशी वर्षांचे, टेनेसीत राहतात. घरात एक जुनं बायबल आहे, त्याच्या कोऱ्या पानांवर घराण्यातली नावं लिहीत आलेत. सगळ्यात वर नाव आहे ॲनी. घरातल्या म्हाताऱ्या सांगत आल्या की ॲनी सहा-सात वर्षांची असताना मालकिणीच्या गाडीमागून टेनेसीला आली, एकटी. तिच्या नावाच्या वर एक ओळ मोकळी ठेवलेली आहे. ती कोणी ठेवली ठाऊक नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या तिच्यात कोणी काही लिहिलेलं नाही. "ती भरायची आहे माझ्या वडिलांना," त्या म्हणाल्या. "त्यांचं हृदय आता फार साथ देत नाही. वाट बघतायत."

जमीनदाराच्या धाकट्या मुलीचं, मार्थाचं, लग्न होऊन ती टेनेसीला गेली होती हे त्यांनी शोधून काढलं होतं. वाटणीच्या कागदात ते स्वच्छ होतं, 'हेस्टर' थोरल्या एलिझाबेथला, 'गर्ल ॲन', म्हणजे लहान पोर, मार्थाला. पण अमेरिकेत ज्या जाणकाराला त्यांनी कागद दाखवले, त्याचं म्हणणं असं की मृत्युपत्रातली हेस्टर ॲन ही एकच बाई. पुढे तिचं नाव नुसतं हेस्टर लिहिलं. आणि मार्थाकडची ॲन मधल्या वर्षांत कुठून तरी आणलेली, दुसरीच कोणीतरी. मृत्युपत्रात आकडा चार आहे, आणि हेस्टर ॲन एक धरली तरच चार होतात. म्हणजे ॲनच्या वर कोणीच नाही.

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"आमच्याकडे दर पिढीत एक हेस्टर असते, मिस्टर केळसकर. माझी आत्या हेस्टर. पणजीची बहीण हेस्टर. ॲनीच्या पहिल्या मुलीचं नाव हेस्टर. का, ते कोणाला माहीत नाही. माझ्या मुलीने तिच्या मुलीचं नाव वेगळं ठेवायचं म्हटलं तर वडील दोन महिने तिच्याशी बोलले नाहीत. कारण विचारलं तर म्हणतात, नाव ठेवायचंच असतं."

माझ्या अंगावर काटा आला. पण काट्यावर कागद ठरत नाही. प्रश्न एका शब्दाचा होता. चार की पाच.

पुढचे तीन आठवडे दुपारी दुकान बंद असायचं त्या वेळात मी घरी न जाता भिंग घेऊन बसायचो. इंग्रजीतले ते दोन शब्द त्या कारकुनाच्या हातात जवळजवळ सारखे होते. सुरुवातीचा एफ तोच. दुसरं अक्षर शाईत बुडालेलं. त्याचा व्ही आणि यू एकच, शेवटची शेपटी आर आणि ई दोन्हींना चालेल अशी. मी अक्षर शोधत होतो, आणि ते सापडत नव्हतं. एका दुपारी इद्रिस म्हणाले, "खलास, सोड. त्या बाईला सांग, अल्लालाच माहीत." मी म्हटलं, "माझ्या म्हाताऱ्याने मला वेगळं शिकवलं होतं आणि मी तेच विसरलोय."

मग मी तो शब्द झाकून ठेवला आणि कारकुनाच्या हाताची खोड बघायला लागलो. दोन्ही कागद त्याच्याच हातचे. घाईने लिहिणाऱ्या माणसाचं टिंब कधी जागेवर पडत नाही. मोडीतही अनुस्वार असाच पुढे उडतो. हा इसम इंग्रजी 'आय' लिहायचा आणि हात पुढे गेल्यावर मागे न येता तिथूनच टिंब द्यायचा. मी दोन्ही कागदांवरची सगळी टिंबं तपासली. प्रत्येक टिंब आपल्या अक्षराच्या दोन घरं उजवीकडे. फिलिसचं तसंच. आयझमच्या थोरल्या 'आय'ला टिंब नाही, पण गिफ्ट, विल, डिव्हाइड, सगळीकडे तसंच.

मग झाकलेला शब्द उघडला. शेवटच्या अक्षरावर, म्हणजे शाईत बुडालेल्या अक्षरापासून चांगला दोन घरं उजवीकडे, एक काळा ठिपका होता. तो मी पहिल्या दिवसापासून बघत होतो. फिल्मवरची घाण म्हणून सोडून दिला होता, आणि अमेरिकेतल्या त्या जाणकारानेही तेच केलं असावं. 'फोर'मध्ये टिंब लागणारं अक्षरच नाही.

पाच. फाइव्ह. मी बोटांवर मोजलं. फिलिस, ज्यूड, हेस्टर, ॲन, आयझम.

ग्लेंडा मॅडम आल्या तेव्हा मी त्यांना उत्तर सांगितलं नाही. भिंग दिलं आणि आधी दुसरी टिंबं दाखवली, एकेक करून, पंधरावीस. मग त्या शब्दावर आणलं. त्यांनी बघितलं. पुन्हा मागे जाऊन 'गिफ्ट' बघितलं. पुन्हा इकडे आल्या. मग भिंग खाली ठेवून त्या यादीवरून बोट फिरवत हळू आवाजात मोजायला लागल्या, आणि चौथ्याला पोचल्यावर त्यांचा आवाज फुटला. मीही रडलो. लपवण्यात अर्थ नाही. इद्रिस आपल्या टेबलावरून म्हणाले, "सुब्हानअल्ला," आणि मग काही कारण नसताना फाइली लावायला लागले.

कोर्टात हे टिकलं असतं का? हेस्टर ही ॲनची आई असं त्या कागदांत कुठेही लिहिलेलं नाही, आणि वकिलाने मला उभा चिरला असता. पण मी पुष्कळ मृत्युपत्रं पाहिली आहेत. त्या जमीनदाराने चार पानं लिहिली होती. जमीन, घोडी, गादी, पोटात नसलेल्या पोरांपर्यंत सगळ्यांची सोय. त्याच्या वंशजांकडे आज त्यातलं काही असेल की नाही कोण जाणे. आणि ती सहा-सात वर्षांची पोर, जिला लिहिता येत नव्हतं, जिच्या नावावर काही नव्हतं, उलट तीच कोणाच्या तरी नावावर होती, ती गाडीमागून शेकडो मैल चालत गेली आणि आईचं नाव तोंडात धरून गेली. ते तिने आपल्या मुलीला दिलं. मुलीने पुढे. का ते विसरलं गेलं, पण नाव ठेवायचंच असतं हे कोणी विसरलं नाही. एवढ्या वर्षांत इतकं पक्कं मृत्युपत्र माझ्या टेबलावर दुसरं आलं नाही. त्यापुढे माझे हात आपोआप जोडले जातात, आजही.

दोन दिवसांनी मॅडमनी दुकानातूनच वडिलांना फोन लावला. आमचे संध्याकाळचे पाच, त्यांच्याकडे सकाळचे सात. वडिलांना वाचणाऱ्याशीच बोलायचं होतं. फोनचा स्पीकर लावला. आवाज खर्जातला, मधूनमधून धाप लागणारा.

"गुड मॉर्निंग, सर," ते म्हणाले. शहाऐंशी वर्षांच्या माणसाने मला सर म्हणावं याने मी पार अवघडून गेलो. "माझी मुलगी सांगते, तुम्हाला तो कागद वाचता येतो. मला वाचून दाखवाल?"

मी आधीच ठरवलं होतं की फक्त नावं वाचायची. म्हातारा माणूस, हृदय नाजूक, कशाला त्या गाई आणि गाद्या. मी 'फिलिस'पासून सुरुवात केली.

"तिथून नको, सर," ते म्हणाले. "वरून वाचा. त्यांच्याबरोबर काय काय होतं ते सगळं ऐकायचंय मला."

मग मी घोडीपासून वाचलं. डॉली. दोन गाई, वासरांसकट. पिसांची गादी. पेटारा. फिलिस आणि तिची पुढची वाढ. ज्यूड. मी श्वास घेतला. हेस्टर. थांबलो. ॲन. आयझम. एकूण पाच.

ग्लेंडा मॅडम फोनकडे झुकल्या, "डॅडी?"

"ऐकतोय," ते म्हणाले. "हेस्टर. म्हणजे म्हणून." एवढंच म्हणाले. पुन्हा एकदा म्हणाले, "म्हणून."

मॅडमनी डोळे पुसले आणि कामाचं बोलायला घेतलं. पक्की प्रत आता टाइप व्हायची होती. ती बायबलमध्ये ठेवायची, नातेवाइकांना पाठवायची. त्या म्हणाल्या, "डॅडी, मूळ कागदात दोन नावांच्या मध्ये काही नाही. म्हणूनच सगळे फसले. मिस्टर केळसकर म्हणतायत, आता आपण मध्ये स्वल्पविराम देऊ. म्हणजे पुढच्या मुलांना कळेल की या दोघी होत्या, आई आणि मुलगी."

खरं म्हणजे तो आग्रह माझा होता. तीन आठवडे भिंग लावून तो स्वल्पविराम मी मिळवला होता, आणि तो द्यायची मला फार हौस होती. कॉम्प्युटरवर पान उघडं होतं. हेस्टरपर्यंत टाइप झालं होतं.

"सर," म्हातारबाबा म्हणाले, "त्या कागदानंतर हेस्टर एलिझाबेथकडे गेली आणि ॲन टेनेसीला आली. बरोबर?"

"बरोबर."

"पुन्हा कधी भेटल्या असं कुठे लिहिलंय?"

"नाही, सर. कुठेच नाही."

"म्हणजे त्या जवळजवळ आहेत अशी ही एकच जागा उरली." त्यांना धाप लागली, ते थांबले. "तिथे मध्ये काही घालू नका. मुलांना मी तोंडी सांगेन."

मी स्वल्पविरामावर ठेवलेलं बोट उचललं, आणि 'हेस्टर'च्या शेजारी 'ॲन' टाइप केलं.